मास्तर, मी उतरतो

नंदूभाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा मी पालीत मिसळीची वाट बघत बसलो होतो. रविवार होता. आम्ही चौघे अलिबागहून अंधारातच सायकली काढून निघालो होतो, बल्लाळेश्वराचं दर्शन झालं होतं आणि देवळाबाहेरच्या हॉटेलात सगळ्यांचं लक्ष आतल्या शेगडीकडे लागलं होतं. तेवढ्यात जयेशचा फोन वाजला. जयेश थळचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आणि आमच्या गटात सगळ्यात जोरात चढ चढतो. त्याने नुसतं "हां... हां..." केलं, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, नंदूभाऊ गेले." मी विचारलं, "कुठे?" त्या प्रश्नाची हे लिहितानाही लाज वाटते. पण माझ्या डोक्यात नंदूभाऊ दोन महिन्यांपूर्वीच गेलेले होते... आमच्यातून, रागावून, माझ्यामुळे. जयेशने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग हळूच म्हणाला, "कुठे काय, मास्तर. वारले. सकाळी चहा घेतला आन् झोपाळ्यावर बसल्या बसल्या..." मिसळ आली, गार झाली, आणि आम्ही सायकली काढल्या.

खरं सांगतो, पालीहून परतताना मला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली. माणूस गेला याची नव्हे. तो मनात काय घेऊन गेला असेल याची. माझ्या फोनमध्ये त्यांचा शेवटचा निरोप होता, तीनच शब्दांचा : 'मास्तर, मी उतरतो.' त्या तीन शब्दांचा अर्थ मी लावून टाकला होता आणि त्या अर्थाच्या ओझ्याखाली मी पुढचे तीन आठवडे काढले. हा लेख त्या तीन आठवड्यांनंतरचा आहे. स्मृतिलेख म्हटला की वाचणारा डोळे पुसायची तयारी ठेवतो. तशी तयारी ठेवली असेल तर थोडी निराशा होईल, कारण मी आज हा लेख मोठ्या सुटकेच्या भावनेने लिहायला बसलो आहे.

मी अलिबागला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी साखर दाखवली आणि मी डोंगरात चालवायची सायकल घेतली. नवा मुसलमान सात वेळा नमाज पढतो म्हणतात, तसं माझं झालं. वर्षभरात मी चढाचे कोन काढायला लागलो, टायरमधली हवा मोजायला लागलो, वजन वाचावं म्हणून सायकलचं स्टँड, घंटी, मडगार्ड सगळं उतरवून ठेवलं. (माझ्या पोटाचं वजन या हिशेबात धरलेलं नव्हतं.) हळूहळू आठ जण जमले, 'चढ-उतार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि मी आपोआप त्याचा मास्तर झालो. या छंदात दोन जाती असतात, हौशी आणि गंभीर. हौशी माणूस नवी कोरी सायकल घेऊन दोन रविवार येतो, फोटो काढतो आणि तिसऱ्या रविवारपासून त्याच्या सायकलवर टॉवेल वाळत पडतात. गंभीर माणूस चढ किती मिनिटांत गेला ते सोमवारी ऑफिसात ऐकवतो. गंभीरांच्या दृष्टीने जगात एकच पाप, चढात पाय जमिनीला लागणं. कुणाचा पाय लागला की मागून सगळे ओरडायचे, "टेकला!" मी स्वतः फार जोरात ओरडायचो.

नंदूभाऊ या दोन्ही जातींत बसेनात. ते चौलचे, नारळ-सुपारीची जेमतेम वाडी, आणि एकतीस वर्षं टपाल खात्यात पोस्टमन. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून त्यांनी जेवढी सायकल मारली तेवढी आम्ही आठ जणांनी मिळून मारली नसेल. निवृत्त झाल्यावर जावयाने त्यांना गिअरची, जाड टायरची सायकल भेट दिली. तिला त्यांनी आठ दिवसांत पोस्टमनची सायकल करून टाकली. स्टँड बसवलं, मागे कॅरिअर, दोन्हीकडे मडगार्ड आणि हँडलला जुन्या सायकलची पितळी घंटी. पहिल्या दिवशी जयेशने ती सायकल बघितली आणि डोक्याला हात लावला. "भाऊ, पिशव्या अडकवायला हूक न्हाय लावला?" नंदूभाऊंनी कॅरिअरखाली बोट दाखवलं. हूक होता.

पण खरी पंचाईत पुढेच होती. हा माणूस सारखा उतरायचा. आमचा नेहमीचा डोंगर म्हणजे माचीचा. खाली शेतं, मग रान, लाल मातीची दगडगोट्यांची वाट, आणि वर सपाटीवर ठाकरांची दहा-बारा घरं. निम्म्या चढावर एक ऐनाचं मोठं झाड आहे. त्याच्याआधीच कुठेतरी मागून टिंग टिंग अशी दोनदा घंटी वाजायची, आणि आवाज यायचा, "मास्तर, मी उतरतो!" की झालं. मग ते सायकल हातात धरून चालत. दम लागला म्हणून उतरत, वाटेत करवंदाची जाळी दिसली म्हणून उतरत, आणि समोरून कुणी मोळी घेऊन येणारी बाई दिसली तर हमखास उतरत. आम्ही अशा वेळी "साईड! साईड!" म्हणून ओरडत जायचो. त्या बिचाऱ्या डोक्यावरच्या मोळीसकट काट्यांत सरकायच्या. नंदूभाऊ घंटी दोनदा वाजवून उतरायचे, सायकल काट्यांत घालायचे आणि बाईला वाट द्यायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, घंटी समोरच्याने सरकावं म्हणून असते. ते म्हणाले, "पोस्टमनची तशी नसते, मास्तर. पोस्टमनची घंटी म्हणजे मी आलो, मी उतरतोय. घर आलं की उतरायचं. एक पाय पेडलवर ठेवून माणसाशी बोलू नये." मोठ्या माणसापुढे, शिक्षकापुढे सायकलवरून उतरायचं, ही त्यांच्या पिढीची रीत. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे असून ते माझ्यापुढेही उतरायचे. मी संकोचून म्हणायचो, "अहो नंदूभाऊ, मी तुमच्यापेक्षा लहान." त्यावर हसून, "वयाने. मास्तर ते मास्तर."

आता ग्रुपच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. दीड वर्षापूर्वी जयेश एकटाच माचीवर गेला आणि उतरताना घळीत पडला. पाय मुरगळला होता, फोनला रेंज नव्हती, दोन तास तिथेच. माचीवर फक्त देवळाच्या चौथऱ्यावर रेंज येते. तेव्हा मी मास्तरकी दाखवून नियम केला. कुणीही एकटा गेला तर त्याने वर चौथऱ्यावर पोहोचून ग्रुपवर 'उतरतो' असं लिहायचं आणि खालच्या कुणीतरी 'ये' असं उत्तर द्यायचं. म्हणजे तासाभरात तो खाली आला नाही तर शोधायला जाता येईल. नियम फार चांगला होता. सगळ्यांनी अंगठे दाखवले. आणि त्यानंतर कुणी एकटं गेलंच नाही, त्यामुळे नियम तिथेच राहिला आणि मी, नियम करणारा, तो साफ विसरून गेलो.

गेल्या कार्तिकात मी एक खूळ काढलं. सगळ्यांनी मिळून माची पाऊण तासात चढायची, आणि वेळ शेवटच्या माणसाची धरायची. महिनाभर तयारी केली. त्या दिवशी हवा छान होती, दंव होतं, मी स्वतः चाळीस मिनिटांत वर पोहोचलो. एकेक जण येत गेला. पाऊण तास झाला, तास झाला, ऊन चढलं. नंदूभाऊंचा पत्ता नाही. दीड तासाने टिंग टिंग करत आले, हातात सायकल, चेहरा प्रसन्न. खाली ऐनाजवळ चांगुणाबाई भेटली होती, माचीवरचीच म्हातारी. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन शिबिरात झालं होतं, आणि पुढच्या तपासणीचा कागद तिला कुणीच वाचून दाखवला नव्हता. तो यांनी वाचून दाखवला, दोनदा, कारण पहिल्यांदा तिला ऐकू आलं नाही. हे सगळं ते मला सांगत होते आणि माझं डोकं भडकत होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नंदूभाऊ, तुम्हाला सायकल चालवायचीय की टपाल वाटायचंय? चालवायची असेल तर आमच्याबरोबर या. टपाल वाटायचं असेल तर एकटे जा!" सगळे हसले. नंदूभाऊही हसले. ते हसले म्हणून मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण घरी येऊन आंघोळ करताना ते हसू आठवलं आणि पाणी डोक्यावर घ्यायचं राहूनच गेलं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन करायला हवा होता. पण माझा स्वभाव असा, की चूक झाली असं मनात पक्कं असलं की तोंड जास्तच घट्ट मिटतं. वर्गात फळ्यावर गणित चुकलं तर मी पोरांसमोर लगेच पुसतो. घराबाहेर मात्र जमत नाही. तिसऱ्या रविवारी ग्रुपला सुट्टी होती, सकाळी आठ-साडेआठला मी घरीच होतो. ग्रुपवर निरोप आला. नंदूभाऊंचा. 'मास्तर, मी उतरतो.' बस्स. ना पुढे काही, ना मागे. मी तो तीन-चार वेळा वाचला. जन्मभर चढात म्हटलेलं वाक्य माणूस शेवटचं म्हणून म्हणतोय, आता आमच्या गाडीतूनच उतरतोय, असाच त्याचा अर्थ मला लागला. मलाच काय, सगळ्यांना लागला. कुणी काही लिहिलं नाही. एकाने फक्त दोन हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते हात बघून मला वाटलं, झालं, निरोप समारंभही झाला.

त्यानंतर नंदूभाऊ मला एकदाच दिसले. पौषातली गोष्ट, अलिबागच्या बाजारात. ते समोरून सायकलवर येत होते, कॅरिअरला वालाच्या शेंगांची पिशवी, मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावायची असणार. त्यांनी मला पाहिलं, घंटी दोनदा वाजवली आणि सायकलवरून उतरले. मला वाटलं, आता हे जाब विचारणार. भर बाजारात, माणसांत. मी खिशातून फोन काढून कानाला लावला, कुणाशी तरी बोलतोय असं दाखवलं आणि बाजूच्या बोळात वळलो. बोळ पुढे बंद होता. तिथे कोळणींच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी फोन कानाला लावून मी पाच मिनिटं उभा राहिलो, पन्नाशी उलटलेला, पंचवीस वर्षं शिकवणारा माणूस. बाहेर आलो तेव्हा ते गेले होते. तीच शेवटची भेट. माघात ते वारले.

मी अंत्यविधीला गेलो, पण मागे मागे उभा राहिलो. सुधावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, समोर गेलो नाही. तेराव्यालाही जेवलो नाही, कॉलेजचं काम सांगून निघालो. मनात एकच, की यांना सगळं माहीत असणार. नवरा घरी येऊन सांगत असणारच, मास्तर असं म्हणाले, मास्तरांनी बाजारात तोंड फिरवलं. सायकल म्हणजे त्या माणसाचा श्वास होता आणि मी चार माणसांत तो अडवला, या विचाराने मी त्या दिवसांत सायकलला हात लावला नाही. आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढं खातंय तर जाऊन बोला की." मी म्हटलं, काय बोलू? माणूस तर गेला, आता माफी कुणाची मागायची?

मग एक दिवस वहिनींचाच फोन आला. "भाऊजी, तुमचा पाना राहिलाय यांच्याकडे. घेऊन जा येऊन." सायकलचे स्क्रू फिरवायच्या पान्यांचा माझा एक संच दिवाळीच्या आधी नंदूभाऊंनी नेला होता. मी टाळणार होतो. पण पाना कुणाकडून पाठवून द्या म्हणायला जीभ रेटेना. संध्याकाळी चौलला गेलो. पडवीत पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगल्या होत्या आणि त्यांच्याखाली स्टँडवर सायकल उभी होती. मी वहिनींकडे बघायचं टाळायचं म्हणून सायकलकडे बघितलं. आणि बघतच राहिलो. टायरच्या खाचांमध्ये लाल माती घट्ट वाळून बसली होती. चौलच्या वाड्यांत रेतीची भुरकट माती. रस्त्यावर तर डांबरच. ती तसली लाल माती आमच्या बाजूला एकाच ठिकाणी चिकटते. मी सवयीने विचारलं, "वहिनी, ही माचीची माती. ही कार्तिकातली आहे होय अजून?"

"छे हो," त्या म्हणाल्या, "शेवटच्या आठवड्यातली आहे. मी धुवा म्हटलं तर म्हणाले, राहू दे, मास्तरांना दाखवायचीय."

मी पडवीच्या पायरीवर बसलो. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि अगदी साध्या आवाजात, कांद्यांची सालं काढता काढता, सगळं सांगितलं. मी डोंगरावर जे बोललो ते नंदूभाऊंनी घरी आल्या आल्या सांगितलं होतं. पण रागाने नव्हे. "मास्तर बरोबर बोलले," असं म्हणाले. "माझ्यापायी आठ माणसं उन्हात उभी. एकट्याने जावं हेच उत्तम. कुणाचा खोळंबा नाही, आणि मला हवं तिथे उतरता येईल." चांगुणाबाईला चष्मा करून द्यायचा होता, तो अलिबागहून करून आणला, आणि तिसऱ्या रविवारी पहाटे निघाले. एकटे जायला वहिनींचा विरोध होता. बासष्ट वर्षांचा माणूस, रानात पडला तर? तेव्हा त्यांनी वहिनींना समजावलं, "अगं, मास्तरांचा नियम आहे. वर पोहोचलं की ग्रुपवर 'उतरतो' लिहायचं. खालचे 'ये' म्हणतात." तरी वहिनींचा विश्वास बसेना. त्या स्कूटर काढून, थर्मासमध्ये चहा घेऊन पायथ्याशी जाऊन बसल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. वर पोहोचले, निरोप टाकला. आणि चौथऱ्यावर बसले वाट बघत. कुणी ये म्हणेना. शेवटी मला फोन. म्हणाले, सगळे झोपलेत वाटतं, एकाने नुसते हात जोडलेत. बघ, एवढा डोंगर चढलो म्हणून पाया पडतोय!" वहिनी हसायला लागल्या. "म्हणाले, आता तूच म्हण, त्याशिवाय उतरता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, या. मग आले."

मी हसलो की रडलो ते नक्की सांगता येणार नाही. जवळजवळ तीन महिने मी ज्या शब्दांचं मढं खांद्यावर घेऊन फिरत होतो, ते माझ्याच नियमाचे शब्द होते! माणूस डोंगराच्या माथ्यावर उभा राहून मला सांगत होता, मास्तर, पोहोचलो, आता खाली येतो. आणि मी, फिजिक्सचा मास्तर, चढ-उतारांचे कोन काढणारा, त्यातून माणूस सोडून गेला असं उत्तर काढून बसलो. का? तर नंदूभाऊ एकटे माचीवर पोहोचू शकतात हे माझ्या, आमच्या कुणाच्याच, डोक्यात आलं नाही. त्यांचं 'उतरतो' म्हणजे पाय टेकणं, हार मानणं, असंच आम्ही धरून चाललो. दुसऱ्या कुणी, समजा जयेशने, तोच शब्द लिहिला असता तर आठ जणांनी आठ वेळा 'ये' लिहिलं असतं. याची टोचणी आहे आणि ती राहणार. पण त्या संध्याकाळी त्या टोचणीपेक्षा मोठं काहीतरी छातीवरून उठलं. ते रागावले नव्हते. ते गेले नव्हते. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला चौलच्या त्या पायरीवर कळलं. मी तांब्याभर पाणी एका दमात प्यायलो.

पुढे ते आणखी तीनदा गेले होते. ग्रुपवर पुन्हा लिहिलं नाही. सकाळी सकाळी लोकांची झोप कशाला मोडा, म्हणून थेट वहिनींनाच फोन. त्यांचा एक बेत होता. ऐनाच्या झाडापर्यंत एकदाही न उतरता जायचं आणि मगच मास्तरांना सांगायचं. मी घाबरत घाबरत विचारलं, जमलं का? कारण न जमता राहिलं असतं तर पुन्हा एक काटा मला जन्मभर पुरला असता. "शेवटच्या वेळी जमलं की," वहिनी म्हणाल्या. "पायडलवरचा पाय न काढता ऐनापर्यंत गेले. आणि तिथे गेल्यावर उतरले." मी विचारलं, दम लागला म्हणून? "नाही. म्हणाले, दम होता अजून. पण ऐन दिसलं की उतरायची सवय."

आणि बाजार? तेही मीच काढलं, न विचारता झोप लागली नसती. वहिनींना क्षणभर आठवेना. मग म्हणाल्या, "हां... सांगत होते खरं. मास्तर दिसले, उतरलो, पण फोनवर होते, घाईत होते. तुम्हाला पोपटीला बोलवायचं होतं." मी मान खाली घातली. घरी जेवायला बोलावणं द्यायला सायकलवरून उतरलेल्या माणसाला पाठ दाखवून मी कोळणींच्या टोपल्यांपाशी लपलो होतो. वहिनींना मी ते सगळं सांगून टाकलं, बंद बोळासकट. त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग म्हणाल्या, "बरं झालं त्यांना कळलं नाही, जन्मभर चिडवलं असतं तुम्हाला."

मी सायकल मागणार नव्हतोच, पण त्यांनी आधीच सांगून टाकलं, सायकल कुणाला द्यायची नाही, पडवीतच राहील, कांद्यांखाली. मात्र निघताना पान्यांचा संच हातात ठेवत त्या म्हणाल्या, "त्यातलाच एक पाना लावून घंटी काढून घ्या. इथे नुसती राहून गंजेल." मी घंटी सोडवली. स्क्रू दोनदा पडला.

ग्रुपवर मी सगळं लिहिलं. मग जयेशचा फोन आला. तो फार बोलणारा नाही. म्हणाला, "मास्तर, मानूस डोंगरावर व्हता आन् आपुन त्याला घरात बसवला." आणि मग, "हात मीच जोडलेले. मला वाटला, भाऊ आपल्याला सोडून चालले." मी त्याला वहिनींनी सांगितलेली पाया पडण्याची गोष्ट ऐकवली. तो असा काही हसला, की त्याच्या दुकानातलं इंजिन बंद करून कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून.

गेल्या रविवारी मी माचीवर गेलो. एकटा. माझ्या सायकलच्या हँडलला, गिअरच्या शेजारी, पितळी घंटी. ती बसवताना मला तिचं वजन करायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. चढ सुरू झाला, दम लागला, ऐनाचं झाड दिसलं. दम अजून होता. मी घंटी दोनदा वाजवली आणि उतरलो. इतक्या वर्षांत त्या झाडाचा बुंधा मी पहिल्यांदाच नीट बघितला; खोडावर खालपासून वरपर्यंत सुसरीच्या पाठीसारख्या भेगा आहेत. वरून चांगुणाबाई येत होती, डोक्यावर मोळी, नाकावर चष्मा, एका बाजूला दोऱ्याने बांधलेला. मी सायकल काट्यांत घातली आणि वाट दिली. ती थांबली. घंटीकडे बघून म्हणाली, "ही तर टपालवाल्याची हाय." मी म्हटलं, हो. "त्यो गेला म्हन्त्यात." मी पुन्हा हो म्हटलं. तिने मोळी सावरली. "चष्मा बराय पर. समदं दिसतंय," म्हणाली आणि उतारावर सावकाश निघून गेली. मला वर पोहोचायला सव्वा तास लागला. कुणालाही सांगायला हरकत नाही.

चौथऱ्यावर बसलो. खाली चौलच्या वाड्यांचे शेंडे, पलीकडे रेवदंड्याची खाडी आणि समुद्राची पांढुरकी कड. फोन काढला आणि नियमाप्रमाणे ग्रुपवर लिहिलं, 'उतरतो.' उत्तराची वाट बघत राहिलो. रविवारची सकाळ, सगळे झोपलेले असणार. पाच मिनिटं गेली. नंदूभाऊही इथेच, याच दगडावर, असेच फोनकडे बघत बसले असतील, आणि त्यांना वाटलं असेल, झोपलेत बिचारे... तेवढ्यात फोन थरथरला. वर नाव आलं : नंदूभाऊ. मी ते दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, त्यांचा फोन वहिनींकडे आहे आणि तो नंबर ग्रुपमधून कुणी काढलेला नाही. उत्तर एका अक्षराचं होतं.

'या.'

मी उभा राहिलो, घंटी दोनदा वाजवली आणि उतरायला लागलो.